सेलेश, साबो, नेमेथ

टेनिसपटू मोनिका सेलेस हे नाव आपण इंग्रजी बातम्यांतून घेतलं. तिच्या घरचा उच्चार ‘सेलेश’. हंगेरियन लेखनात ‘एसझेड’ ही जोडी म्हणजे ‘स’, आणि एकटा ‘एस’ म्हणजे ‘श’. मोनिका १९७३ साली नोवी सादला जन्मली. आईवडील हंगेरियन, देश युगोस्लाव्हिया. सर्बियन लेखन उच्चाराबरहुकूम चालतं, त्यामुळे आडनावातला ‘झेड’ गळाला आणि शेवटच्या ‘एस’वर ‘श’ची खूण चढली. अमेरिकेत ती खूणही उतरली. सोळाव्या वर्षी, १९९० साली, फ्रेंच ओपन जिंकणारी मुलगी जगासाठी ‘सेलेस’च राहिली.

नावांच्या या फिरवाफिरवीचं मूळ १९२०च्या ट्रायनॉनच्या तहात आहे. हंगेरीचा दोन-तृतीयांश मुलूख गेला, तीस लाखांवर हंगेरियन सीमेपलीकडे राहिले आणि त्यांच्या जन्ममृत्यूची वही परक्या कारकुनाच्या हाती गेली. रोमानियाच्या कारकुनाने बहुधा आडनावाला धक्का लावला नाही. त्याने पाळण्यातलं नाव बदललं. १९८६ साली स्टेआउआ बुखारेस्ट या फुटबॉल क्लबने युरोपियन कप जिंकला, त्या संघातला लास्लो बोलोनी कागदोपत्री लादिस्लाउ, आणि प्रशिक्षक इम्रे येनेइ हा एमेरिक.

कातालिन साबोची एकातेरिना झाली ती अशीच. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तिने जिम्नॅस्टिक्सची चार सुवर्णं घेतली, पण सर्वंकष विजेतेपद अमेरिकेच्या मेरी लू रेटनकडे अवघ्या ०.०५ गुणाने गेलं. रेटनचा प्रशिक्षक बेला कारोयी (अमेरिकेत ‘कारोली’) हाही रोमानियाच्या वाट्याला गेलेल्या ट्रान्सिल्व्हेनियाचाच हंगेरियन, १९८१ साली रोमानियातून निसटलेला. शर्यत रोमानिया आणि अमेरिकेची म्हणून गाजली; दोन्हीकडे मातृभाषा हंगेरियन असलेलं माणूस होतं, हे फारच थोड्यांच्या ध्यानात आलं असेल.

स्लोव्हाकियात बाईच्या आडनावाला सहसा ‘ओवा’ची शेपटी लागते. पुरुष त्यातून सुटतात. कोमार्नोचा हंगेरियन फुटबॉलपटू सिलार्ड नेमेथ स्लोव्हाकियासाठी खेळला तो जसाच्या तसा नेमेथ राहून.

आता गंमत पाहा. ‘नेमेथ’चा अर्थ जर्मन. होर्वाथ म्हणजे क्रोएशियन, तोथ म्हणजे स्लोव्हाक. ही हंगेरीतली अगदी घरोघरची आडनावं, पिढ्यांपूर्वी आलेल्या परक्यांना शेजाऱ्यांनी चिकटवलेली. म्हणून खेळाडूंची यादी घेऊन आडनावावरून रक्त मोजणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कारकुनी तर हंगेरीनेही केलीच. एकोणिसाव्या शतकापासून तिथे परकी आडनावं टाकून हंगेरियन घेण्याची रीतसर मोहीम चालली. बुडापेस्टमधल्या एका मूळच्या जर्मन घराण्याने १९३७ साली आपलं पुर्त्सेल्ड हे आडनाव टाकलं. त्यांचा दहा वर्षांचा फेरेन्स तेव्हापासून पुश्काश झाला. पुढे फुटबॉलपटू म्हणून तो स्पेनकडूनही खेळला. माद्रिदचे लोक त्याला पांचो म्हणत.