मँचेस्टरचे दोन शाळासोबती

आपल्या वर्गातल्या मुली ‘च’ची भाषा बोलत, हे आठवत असेलच. आम्हा मुलांना ती युक्ती कळली आणि त्यांचे सगळे बेत फुटले. गुप्त भाषेची जुनी अडचण हीच. युक्ती, म्हणजेच किल्ली, आधी दोघांकडे असावी लागते आणि वाटेत तिसऱ्याच्या हाती लागली की संपले.

ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेतले जेम्स एलिस यांनी १९६९च्या सुमारास उलटा विचार केला. महायुद्धाच्या काळातला एक जुना अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. फोन कोणी चोरून ऐकतो ना? मग ज्याला निरोप घ्यायचा आहे, त्यानेच तारेवर गोंगाट सोडायचा. चोराला नुसता कोलाहल ऐकू येतो. सोडणाऱ्याला मात्र तो वजा करता येतो. किल्ली धाडायचीच नाही! पण हे गणितात बसवणे एलिस यांना जमले नाही.

१९७३ साली विशीतले क्लिफर्ड कॉक्स तिथे नोकरीला लागले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा. पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण. गुणाकार खुशाल जाहीर करा, त्याने कोणीही निरोप कुलूपबंद करील. उघडेल मात्र ज्याला त्या दोन संख्या माहीत आहेत तोच. हे त्यांना अर्ध्या तासात सुचले. तेव्हा ते घरी होते आणि घरी कामाचे काही लिहायला बंदी, म्हणून सकाळपर्यंत सारे डोक्यातच ठेवले.

खरे तर मला सांगायचे आहे ते पुढचे. १९७४ मध्ये माल्कम विल्यमसन तिथे आले. मँचेस्टर ग्रामर स्कूलमधले कॉक्सचे सोबती. १९६८च्या मॉस्कोच्या गणित ऑलिंपियाडलाही दोघे बरोबर होते. मित्राची युक्ती ऐकून त्यांचा विश्वास बसेना, म्हणून ते चूक काढायला बसले. (ही खोड आपल्यातही काहींना होती, नावे घेत नाही.) चूक सापडली नाही. सापडली ती दुसरीच रीत : उघड्या तारेवर बोलूनही दोघांनाच कळेल अशी संख्या ठरवण्याची.

सगळे कपाटात बंद राहिले. विल्यमसनची रीत १९७६ मध्ये अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी, तर कॉक्सची १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी स्वतंत्रपणे शोधली. नाव त्यांचे झाले. इकडे तिघे गप्प.

डिसेंबर १९९७ मध्ये कॉक्सना जाहीर व्याख्यानात हे सांगायची परवानगी मिळाली. एलिस २५ नोव्हेंबरलाच गेले होते.