हँडलाच्या मुळाशीं

डोंगरवाटांवरून व चिखलांतून धांवणाऱ्या ज्या मोटारसायकलींना आज ‘डर्ट बाइक’ म्हणतात, त्यांच्या स्वारांची एक नेहमींची तक्रार असते : हँडल जड झालें आहे, मनाजोगें वळत नाहीं. या साध्या तक्रारीच्या पोटांत दोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे दोष शोधणेंहि पुष्कळ सोपें जातें. म्हणून इतिहासाच्या वाटेनें दुरुस्तीकडे जावयाचें मीं योजिलें आहे.

१८१७ सालच्या जून महिन्याच्या १२ तारखेस जर्मनींतील मानहाइम शहरांतून कार्ल फॉन द्राइस नांवाचा एक वनाधिकारी लांकडी दुचाकीवर बसून, पायांनीं जमीन मागें रेटीत, श्वेट्झिंगेनच्या रस्त्यास लागला. त्याच्या यंत्रास पायटे नव्हते, साखळी नव्हती. परंतु पुढचें चाक वळविण्याची सोय मात्र होती. एकामागें एक लावलेलीं दोन चाकें धांवतांना तोल सांभाळतात, तीं मुख्यतः या सोयीमुळें. गाडी ज्या बाजूस कलते त्या बाजूस पुढचें चाक किंचित् वळतें, आणि ढळूं पाहणारा तोल सांवरला जातो. हें वळणें इतकें सूक्ष्म असतें कीं खुद्द स्वाराच्याहि तें लक्षांत येत नाहीं. म्हणूनच हँडल जखडलेली दुचाकी नीट वळत नाहीं एवढेंच नव्हे, तर ती सरळहि चालत नाहीं. हळू वेगांत ती नागमोडी जाऊं लागते, आणि चाकोरींत सांपडलेला स्वार बाहेर पडण्याऐवजीं आडवा होतो.

हा वळता सांधा हलका व्हावयास पुढें बराच काळ लोटला. पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे यानें १८६९ सालीं सायकलीसाठीं छर्ऱ्यांच्या बेअरिंगाचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ७ तारखेस जेम्स मूर या इंग्रज स्वारानें तसल्या बेअरिंगांच्या सायकलीवर पॅरिस ते रुआँ ही शर्यत जिंकली. अडचण होती ती छर्ऱ्यांच्या गोलाईची. एखादा छर्रा केसभर मोठा निघाला कीं सारा भार त्या एकट्यावर पडे. श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिख फिशरनें १८८३ सालीं छर्रे एकसारखे घांसून काढणारें यंत्र सिद्ध केलें, तेव्हां ही अडचण दूर झाली. दोन वर्षांनीं, १८८५ सालीं, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले यानें ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली, आणि आजच्या सायकलीचें रूप तिच्यापासून ठरलें. मोटारसायकली आल्या तेव्हां त्यांनीं चौकटीच्या पुढच्या नळींत बसणारा हा सांधा सायकलीकडूनच उचलला : वरच्या टोंकास एक वाटी, खालच्या टोंकास एक वाटी, त्यांत छर्रे, आणि मध्यें चिमट्याचा दांडा. आमच्याकडील मिस्त्री यास ‘कोनसेट’ म्हणतात, व तें नांव मला फार समर्पक वाटतें.

मौजेची गोष्ट अशी कीं, १९२० नंतरच्या पुष्कळ इंग्रजी मोटारसायकलींवर हँडल मुद्दाम जड करण्याचा एक चाप असे. मधली मूठ पिळली कीं चकत्या एकमेकींवर दाबल्या जात आणि वेगांत हँडलास सुटणारा थरकांप आवरला जाई. आज हें काम तेल भरलेला डँपर करतो. गाडीस तो असला तर प्रथम तो सैल करून पाहावा, नाहींतर धडधाकट कोनसेट उगाच खोलला जाईल.

इंग्लंडमध्यें कॅम्बर्ली येथें १९२४ सालच्या मार्चमध्यें ‘स्क्रॅम्बल’ नांवाची रानवाटांवरील शर्यत झाली. आजच्या मोटोक्रॉसची ती पूर्वज. तेव्हांपासून या सांध्यास चिखल, पाणी आणि आदळआपट या तीन शत्रूंशीं झुंजावें लागलें.

पैकीं आदळआपटीची कथा मोठी चटकदार आहे. स्वीडनचा अभियंता योहान आउगुस्ट ब्रिनेल यानें १९०० सालीं धातूचा कठीणपणा मोजण्याची एक रीत पुढें मांडली. कठीण गोळी ठराविक भारानें धातूवर दाबावयाची आणि पडलेला खळगा मोजावयाचा. स्वारानें उंचावरून उडी घेतली व चाक आदळलें, कीं कोनसेटांतील प्रत्येक छर्रा नकळत ब्रिनेलचाच प्रयोग करीत असतो. अशा खळग्यांना त्याचें नांव पडलें तें यामुळें. परंतु दुसऱ्या जातीचे खळगे अधिक फसवे. आगगाडीनें दूर पाठविलेल्या कोऱ्या मोटारींच्या बेअरिंगांत, त्या रस्त्यावर चालल्याहि नसतां, खळगे सांपडत. जनरल मोटर्समधील आल्मेन यानें १९३७ सालीं याचा उलगडा केला : चाक फिरत नाहीं, नुसतें थरथरतें, त्यामुळें ग्रीस बाजूस सरतें आणि पोलाद पोलादास खातें. आतां हँडलाचा विचार करा. तें बहुतेक वेळ सरळच असतें, म्हणून छर्रे वर्षानुवर्षें त्याच जागीं थरथरत राहतात. हा सांधा मध्यावरच अडखळूं लागतो त्याचें मर्म येथें आहे. आजच्या डर्ट बाइकींत बहुधा छर्ऱ्यांच्या जागीं निमुळते रोलर असतात. हेन्री टिमकेन या अमेरिकी गाडीकारखानदारानें घोडागाडीच्या आंसासाठीं त्यांचें पेटंट १८९८ सालीं मिळविलें. छर्रा बिंदूवर टेकतो, रोलर रेषेवर. म्हणून भार वांटला जातो. पण गंज दोघांनाहि सारखाच.

आतां परीक्षा. इंजिनाखालीं भक्कम टेकू देऊन पुढचें चाक अधांतरी करावें व हँडल एका बोटानें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें. अधांतरीं हलकें आणि जमिनीवर जड, तर बहुधा टायरांत हवा कमी आहे. एकाच बाजूस अडतें, तर केबल वा तारा ओढल्या जात आहेत. सर्वत्र सारखें जड, तर नट अधिक आवळलेला, ग्रीस वाळलेलें किंवा आंत गंज चढलेला. नेमकें मध्यावर अडखळतें, तर खळगे पडले. पडझडीनंतर एका बाजूस घट्ट व दुसऱ्या बाजूस सैल लागत असेल, तर दांडा वांकल्याचा संशय घ्यावा.

खळगे पडलेला सांधा कांहीं जण नट सैल करून ‘बरा’ करतात. पाठीमागचें उत्तर पाहून आंकडे जुळविणाऱ्या विद्यार्थ्याची ही रीत होय. ढिल्या सांध्यांत आदळणें वाढतें आणि खळगे अधिकच खोल होतात. तेथें वरची व खालची दोन्ही बेअरिंगें, वाट्यांसकट, नवींच घालावींत. खळगे नसतील तर सर्व भाग रॉकेलनें धुवून, कोरडे करून, पाण्यास दाद न देणारें ग्रीस रोलरांच्या मधल्या फटींत बोटांनीं दाबून भरावें. नुसतें वरून फांसून भागत नाहीं. वाट्या नळींत तिरप्या बसूं देऊं नयेत.

जुळणी करतांना आंतला नट प्रथम थोडा जास्त आवळून हँडल दोन्ही टोंकांपर्यंत कांहीं वेळां फिरवावें, म्हणजे रोलर बैठक घेतात. मग तो सैल करून बेतानें पुन्हां आवळावा. वरचा मोठा नट घट्ट केला कीं आंतला सांधाहि थोडा दाबला जातो, म्हणून परीक्षा पुन्हां करावी : चिमट्याचीं खालचीं टोंकें धरून पुढेंमागें ओढलीं असतां खटखट लागूं नये, आणि मध्यावरून जरा ढकललेलें हँडल आपल्याच भारानें बाजूस कलावें. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर हीच परीक्षा आणखी एकदां करावी, कारण नव्या वाट्या थोड्या बसतात. गाडी धुतांना पाण्याचा जोराचा फवारा त्या नळीच्या तोंडावर सरळ मारूं नये. रबरी पाळीखालून आंत शिरलेलें पाणी सहजासहजीं बाहेर येत नाहीं.