करवंटीच्या कोळशाची कुळकथा

१७८५ साली सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधशाळेत टोबियास लोविट्झ टार्टरिक आम्लाचे स्फटिक बनवत होता. द्रावण दरवेळी तपकिरी पडायचं. त्यात लाकडी कोळशाची पूड घातली आणि रंग गेला. कोळसा रंग धरून ठेवतो हे कळल्यावर साखरेच्या कारखान्यांनी ती युक्ती उचलली. त्यांनी पसंत केला तो हाडांचा कोळसा.

वनस्पतींपासूनच्या कोळशाला खरं बळ आलं १९००च्या सुमारास, राफाएल फॉन ऑस्ट्रेइकोच्या पेटंटांमुळे. लालबुंद तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की ती थोडा कार्बन खाऊन टाकते आणि मागे अतिसूक्ष्म छिद्रं उरतात. एका ग्रॅमच्या पोटात हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग! पहिल्या महायुद्धात विषारी वायू रोखणाऱ्या मुखवट्यांसाठी अमेरिकेने १९१८ साली लोकांकडून पीचच्या कोया गोळा केल्या. करवंटीचा कोळसाही तेव्हाच नावारूपाला आला. करवंटी मुळातच घट्ट, त्यामुळे तिच्या कोळशाचा सहसा भुगा होत नाही.

या कुळातला सर्वांत विलक्षण दुवा मात्र पुढचा आहे. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयावर गुण देणारं ते पहिलं प्रतिजैविक. पण जिवाणू वाढवलेल्या पाण्यातून ते वेगळं काढायचं कसं? त्यात कोळसा ढवळला. औषध त्याला चिकटलं. मग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने ते सोडवून घेतलं. आज सांडपाण्यातून प्रतिजैविक काढायला आपण भरवसा ठेवतो तो याच पकडीवर.

आणि तो ठेवावा लागतोच. हैदराबादजवळच्या पटानचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं, हे २००७ साली प्रसिद्ध झालं. प्रक्रिया करून सोडलेलं पाणी होतं ते! अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जिवाणूच तगतात.

करवंटी, उसाचं चिपाड, भाताचं तूस यांच्या कोळशावर आता प्रयोग होतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन यांच्या रेणूंतली सपाट कडी कार्बनच्या थरांना घट्ट बिलगतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात हे छान जमतं. खऱ्या सांडपाण्यात इतर सेंद्रिय कचरा आधीच जागा अडवतो. शिवाय कोळसा औषध नुसतं धरतो, मोडत नाही. म्हणून भरलेला कोळसा उघड्यावर न टाकता पुन्हा भट्टीत घालावा लागतो. तिथे रेणू तुटतात आणि छिद्रं बऱ्याच अंशी मोकळी होतात.