मानद पदवी ठरते कशी?

कसारा, प्रतिनिधी

मध्य रेल्वेच्या या मार्गावर मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कसाऱ्याला संपते. घाट चढून इगतपुरी गाठली, की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची हद्द सुरू होते. मानद पदवीचा मार्ग मात्र दोन्हीकडे एकच आहे, कारण दोन्ही विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे.

एखाद्या व्यक्तीच्या नावाचा प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेपुढे नेण्यापूर्वी कुलगुरूंना कुलपतींची, म्हणजेच राज्यपालांची, पूर्वमान्यता घ्यावी लागते. तिच्यावाचून परिषदेला प्रस्ताव विचारातही घेता येत नाही. पुढे परिषदेची शिफारस अधिसभेकडे जाते आणि तेथे उपस्थित सदस्यांपैकी किमान दोनतृतीयांश सदस्यांचा पाठिंबा आवश्यक असतो. परीक्षा नाही, प्रबंध नाही. संबंधित व्यक्तीचे उच्च स्थान, कर्तृत्व आणि लोकसेवा हेच निकष. यातील 'स्थान' हा शब्द वादाला निमंत्रण देणारा. सत्तेतील व्यक्तींची नावे आली, की चर्चा होते ती यामुळेच.

कर्तृत्वाची दखल कधी कधी फार उशिरा घेतली जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे १८८४ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यांना बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्ये, तर पुणे विद्यापीठाने १९५१ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. स्वतःच्या मुंबई विद्यापीठाची एलएल.डी. मिळाली ती १९५७ मध्ये. तोवर अण्णांनी नव्वदी केव्हाच ओलांडली होती! डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मानद डॉक्टरेट कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये व उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये दिली.

पैसे भरून 'मानद डॉक्टरेट' देणाऱ्या संस्थांपासून मात्र सावध राहावे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. या तरतुदीच्या भंगाबद्दल त्या कायद्यात सांगितलेला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये!

शहापूर-मुरबाडच्या पदवीधरांना या निवडीत थेट मत नाही. परंतु अधिसभेतील १० जागा नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून येतात. मुंबई विद्यापीठात या जागांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झाले. पदवी हाती आली म्हणजे मतदारयादीत नाव आले, असे होत नाही. त्यासाठी विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करून नोंदणी करावी लागते.