कोल्लिडमच्या काठावरील दोन राहुट्या

दक्षिणेतील मराठ्यांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तंजावरचा राजवाडा आणि सरस्वती महाल उभा राहतो. परंतु या इतिहासाचा एक हृद्य अध्याय राजवाड्यात नव्हे, तर नदीकाठच्या उघड्या माळावर, छावणीत घडला आहे. मद्रास प्रांती दीर्घकाळ मुक्काम ठोकून राहिलेल्या आपणा मंडळींना तो अधिक जवळचा वाटावा.

इ. स. १६७७ मध्ये शिवछत्रपती भागानगरी कुतुबशहाची भेट घेऊन, श्रीशैलमचे दर्शन करून कर्नाटकात उतरले. मे महिन्यात त्यांची छावणी मद्रासपासून काही कोसांवर होती. तेथून त्यांनी सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रजांकडे विषावर उतारा म्हणून वापरली जाणारी औषधे मागितली. इंग्रजांनी ती नजराणा म्हणून पाठविली. मात्र पुढे किल्लेकामाचे जाणकार मागताच गोड शब्दांत नकार दिला. त्याच मे महिन्यात जिंजीचा बळकट दुर्ग महाराजांच्या हाती आला.

जुलैत महाराज कोल्लिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे उतरले. पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा एक वकील तेथे गेला होता. त्याने पाहिलेल्या छावणीचे वर्णन फ्रान्स्वा मार्तँ याच्या आठवणींत आले आहे. थाटमाट नाही, स्त्रिया नाहीत, सामानसुमानाचे ओझे नाही. जाड्याभरड्या कापडाच्या अवघ्या दोन लहान राहुट्या, एक राजाची व दुसरी प्रधानाची. दोन स्वारांमागे बहुधा तीन घोडी असत; मजल झपाट्याने मारण्याचे ते एक रहस्य होते. मोगल छावणी म्हणजे चालते शहर. ही छावणी पहाटे उठून चालू लागणारी.

हा साधेपणा आकस्मिक नव्हता. स्वारीच्या तीन-चार वर्षे आधी चिपळूणजवळच्या लष्कराला महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणागवत पावसाळाभर पुरवा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, नाहीतर उंदीर पेटती वात नेईल आणि गवत पेटेल, इतके बारकावे त्यात आहेत. मुक्काम करणाऱ्याने यजमान भूमीला भार होऊ नये, हा त्या पत्राचा गाभा होय.

या छावणीत महाराजांचे सावत्र बंधू, तंजावरचे व्यंकोजीराजे भेटीस आले. काही दिवस दोघे भाऊ एकत्र राहिले. मग शहाजीराजांच्या मिळकतीच्या वाटणीचा विषय निघाला आणि मने आंबली. एका रात्री व्यंकोजी गुपचूप नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या कारभाऱ्यांना अटक झाली. पण महाराजांनी त्यांना वस्त्रे देऊन परत पाठविले, असे बखर सांगते. तरीही नोव्हेंबरात दोन्ही भावांच्या फौजा लढल्याच. तह त्यानंतर झाला.

वाचताना मन विषण्ण होते. परक्या मुलखातील कठीण वाट ज्यांनी लीलया तुडविली, त्यांनाही घरातील वाटा सोडविताना अडखळावे लागले! पण कटुता तेथेच थांबली नाही, हेही खरे. पुढे व्यंकोजी उदास होऊन कारभारातून मन काढू लागल्याचे कळताच महाराजांनी त्यांना वडीलकीच्या नात्याने पत्र लिहिले. वैराग्य टाकून पराक्रम करा, असा त्यातील उपदेश आहे. त्यानंतर थोड्याच काळाने, १६८० मध्ये, महाराजांचे निधन झाले. जिंजीने १६८९ नंतर संकटग्रस्त राजाराम महाराजांना आश्रय दिला आणि व्यंकोजींच्या वंशाचे तंजावर १८५५ पर्यंत टिकले.

आपणही नोकरीउदिमासाठी दोन दिवसांचा मुक्काम म्हणून येथे आलो आणि पिढ्या घालविल्या. मंडळाच्या पन्नास वर्षांत आपल्यातही वाटणीचे, मानापानाचे प्रसंग आलेच असतील. म्हणून पुढील वेळी चेन्नईहून तंजावरला जाताना वाट थोडी वाकडी करून कोल्लिडमच्या उत्तर काठावर जरूर थांबावे. दोन राहुट्यांची तेथे काहीच खूण नाही. पण नदी तीच आहे, आणि रात्री निघून गेलेल्या भावाला नंतर लिहिलेले ते पत्र आजही वाचता येते.