मुक्काम पोस्ट हेडर : एका छोट्या स्क्रिप्टची तपासणी

आज सी भाषेतल्या एका बारक्या सवयीचा इतिहास सांगायचाय. फाइलीच्या डोक्यावर दोन ओळी आणि पायाशी एक, एवढीच ती सवय. तिला हेडर गार्ड म्हणतात. ज्यांनी सी कधी लिहिलेली नाही त्यांनीही थांबा, कारण गोष्ट मुळात नावांची आणि पत्त्यांची आहे. (कोडमधली नावं मी बोलते तशीच इथे लिहून काढली आहेत.)

डेनिस रिची बेल लॅब्जमध्ये सी घडवत होता, तेव्हा भाषेला प्रीप्रोसेसर नव्हता. तो आला १९७२-७३ च्या सुमारास. ॲलन स्नायडरचा आग्रह हे एक कारण. दुसरं म्हणजे बीसीपीएल आणि पीएल-वन या भाषांत एक फाइल दुसरीत ओढून घ्यायची सोय होती आणि ती उपयोगाची वाटत होती. रिचीनेच नंतर लिहून ठेवलंय की पहिला प्रीप्रोसेसर अगदीच साधा होता. इन्क्लूड आणि बिनपॅरामीटरचं डिफाइन, बस. तो भाषेचा भागही धरला जात नव्हता. काही वर्षं तर फाइलीच्या सुरुवातीला खास खूण असेल तरच तो चालायचा.

इन्क्लूड म्हणजे काय? काही जादू नाही. त्या फाइलीतला मजकूर उचलायचा आणि या फाइलीत चिकटवायचा. आपण वहीत उतरवून काढतो तसं. आणि इथेच गोम आहे. मोटार.एच या फाइलीला टाइप्स.एच लागते, सेन्सर.एच लाही टाइप्स.एच लागते, आणि मुख्य प्रोग्रॅम दोघींना बोलावतो. झालं, टाइप्स.एच चा मजकूर दोनदा उतरला. त्यात एखाद्या स्ट्रक्चरची व्याख्या असेल तर कंपायलर म्हणतो, हे तू मघाशीच सांगितलंस, पुन्हा कशाला?

यावर उपाय करायचा तर 'अमुक झालं नसेल तरच हे वाच' असं म्हणता यायला हवं. पहिल्या प्रीप्रोसेसरमध्ये ते नव्हतंच. अटी आल्या नंतर, आधी माइक लेस्क आणि मग जॉन रायझर यांच्या हातून. मग ही युक्ती शक्य झाली : पहिली ओळ इफ-एन-डेफ टाइप्स_एच, म्हणजे हे नाव अजून नोंदलेलं नसेल तर. दुसरी ओळ डिफाइन टाइप्स_एच, म्हणजे आता नोंद कर. शेवटी एंडिफ. १९८८ च्या कर्निघन-रिचीच्या दुसऱ्या आवृत्तीत ही युक्ती उदाहरणासह आहे.

मतदान केंद्रावरचा माणूस यादीत तुमच्या नावापुढे खूण करतो ना, अगदी तसं. पुन्हा आलात तर 'तुमचं झालंय' म्हणून परत. फक्त इथे बोटाला शाई नाही. खूण नावापुढे आहे, माणसावर नाही. एकाच नावाची दोन माणसं असतील तर दुसरा न मत देताच घरी जातो, आणि केंद्रावरच्या माणसाला त्यात काही चुकलं असं वाटतही नाही.

रॉब पाइकला हा सगळा प्रकारच आवडत नव्हता. १९८९ च्या त्याच्या टिपणांत सरळ नियम आहे : हेडरने हेडरला बोलवायचंच नाही. गार्ड फाइलीच्या आत असल्यामुळे प्रत्येक वेळी फाइल उघडावी लागते आणि हजारो ओळी उगाच वाचल्या जातात, ही त्याची तक्रार. त्या काळच्या मशिनवर ती रास्त होती. नंतर जीसीसीने तोड काढली : अख्खी फाइल गार्डच्या आत असेल, बाहेर टिप्पण्यांखेरीज काही नसेल, तर तो ते लक्षात ठेवतो आणि दुसऱ्यांदा फाइल वाचतच नाही. म्हणजे एंडिफच्या खाली एक ओळ सांडली तरी ही सवलत गेली. (जीसीसीच्या पोटात काय चालतं ते आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी उघडून पाहावं म्हणून आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकरांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं. त्यावर वेगळा भाग करायचाय.)

'प्रॅग्मा वन्स' ही एका ओळीची पळवाटही आहे. ती नाव विचारत नाही, फाइलच ओळखते. पण ती प्रमाण सीमध्ये नाही, आणि एकच फाइल दोन वाटांनी आली तर ती दोन धरायची की एक, यावर कंपायलरांचं एकमत नाही. जीसीसीने मधली काही वर्षं तिला कालबाह्य ठरवलं होतं. त्यामुळे लोक गार्डकडेच राहिले. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या मिस्रा नियमावलीत २००४ च्या आवृत्तीत हा नियम १९.१५ आहे, २०१२ च्या आवृत्तीत डायरेक्टिव्ह ४.१०. पुण्यात वाहनांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मिस्राचं नाव काढलं की कपाळाला आठी पडते.

आता नावाचा प्रश्न. टाइप्स_एच हे नाव दुसऱ्या कुणी वापरलं तर? गूगलच्या नियमावलीने उत्तर दिलं की नावात प्रकल्प, मग फोल्डरचा मार्ग, मग फाइल, हे सगळं यावं. आपल्याला यात नवं काय? आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो : मु. पो. लोणखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार. नुसतं लोणखेडा लिहिलं तर पोस्टमन कुठे कुठे फिरणार? खानदेशात सारख्या नावाची खेडी काय कमी आहेत?

पण पत्ता नावात गुंफला की त्याचाही त्रास असतो, कारण गाव जागचं हलत नाही आणि पत्ता बदलतो. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि लोणखेडा पश्चिम खानदेशात गेलं. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास त्या जिल्ह्याचं नाव धुळे झालं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शहाद्याकडच्या जुन्या कागदांवर अजून 'जि. धुळे' दिसतं. कोडमध्ये फोल्डर हलवलं की हेच होतं. फाइल नव्या जागी, गार्डात जुनी जागा. कुणाचं काही अडत नाही, म्हणून कुणी बदलत नाही. पुढे दोन वर्षांनी त्या रिकाम्या झालेल्या जुन्या जागी कुणीतरी नवीन फाइल करतो, नियमाप्रमाणे गार्ड लिहितो, आणि दोन फाइलींचं नाव एक होतं.

हे सगळं लोणखेड्याच्याच निमित्ताने. तिथली काही पोरं शेतीपंपाचा कंट्रोलर बनवताहेत. फोनवरून मोटार चालू-बंद, फेज गेली की बंद, विहिरीचं पाणी तुटलं की बंद. कोड सीमध्ये. गार्ड एकसारखे राहावेत म्हणून त्यांनी पायथॉनमध्ये नव्वदेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि मला पाठवली, 'ताई, एकदा नजर टाका.' स्क्रिप्ट प्रत्येक .एच फाइल उघडते, पहिल्या दोन ओळी आणि शेवटचा एंडिफ बघते, नाव मोठ्या अक्षरांत आहे का आणि फाइलीच्या नावाशी जुळतं का ते तपासते. 'दुरुस्त कर' म्हटलं तर बदलूनही टाकते. लिहिली नीट आहे. पुढे अंडरस्कोअर आणि मोठं अक्षर असलेली नावं भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेली असतात हे त्यांना माहीत होतं. पुष्कळ अनुभवी लोकांना ते माहीत नसतं.

मी ती त्यांच्याच कोडवर चालवली. सगळं हिरवं. मग गार्डांची नावं एका यादीत काढून क्रमाने लावली. कॉन्फिग_एच दोनदा. एक मोटारच्या फोल्डरमधली, दुसरी मोडेमच्या. दोन्ही फाइली आपापल्या जागी निर्दोष. स्क्रिप्ट एका वेळी एकच फाइल बघते, तिला कुठून दिसणार?

आता याने काय झालं असतं ते बघा. एरवी एखादी हेडर गाळली गेली की कंपायलर ओरडतो, अमुक फंक्शन सापडत नाही. पण मोटारच्या कॉन्फिगमध्ये होती कोरड्या विहिरीच्या संरक्षणाची खूण, आणि कोडमध्ये होतं 'ही खूण असेल तर पाणी तुटल्यावर मोटार थांबव'. मोडेमची फाइल आधी आली की मोटारची गळणार, खूण नाही, म्हणून तो अख्खा तुकडा वगळला जाणार. एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही. शेतीची लाइन बऱ्याचदा रात्रीची असते. माणूस फोनवरून मोटार चालू करून झोपतो. पाणी तुटतं, मोटार कोरडी फिरत राहते, आणि सकाळी वाइंडिंगवाल्याकडे. त्यांच्याकडे सध्या एका फाइलीत दोन्ही हेडर एकत्र येत नव्हत्या, म्हणून हे घडलं नव्हतं. पुढच्या महिन्यात ते मोटारची स्थिती एसएमएसने कळवणार होते, आणि त्यासाठी दोन्ही एकाच फाइलीत लागणार होत्या.

तेव्हा माझा पहिला शेरा : रूप तपासा, पण त्याआधी सगळ्या नावांची एक यादी करा आणि दुबार नाव दिसलं की थांबा. मार्ग घातला तरी ही यादी लागतेच, कारण डॅश, टिंब, फोल्डरची तिरपी रेघ या सगळ्यांचा शेवटी अंडरस्कोअर होतो. पंप फोल्डरमधली मोटार_टाइप.एच आणि पंप_मोटार फोल्डरमधली टाइप.एच यांचं गार्ड एकच पडतं. चिप कंपनीची लायब्ररी स्क्रिप्ट सोडून देत होती. तिला हात लावू नका हे बरोबर, पण तिची नावं यादीत घ्या.

दुसरा शेरा दुरुस्तीवर. गार्डचं नाव बदलण्याआधी ते अख्ख्या कोडमध्ये शोधा. 'मोटार_एच नोंदलेलं असेल तर' असं दुसऱ्या फाइलीत कुणी विचारत असेल, तर नाव बदलताच ती अट गुपचूप खोटी होईल. तसं एका ठिकाणी होतंच.

तिसरा, अपवादांची यादी ठेवा. प्रत्येक हेडरला गार्ड हवंच असं नाही. प्रमाण लायब्ररीतल्या सगळ्या हेडर कितीही वेळा बोलवा, परिणाम तोच. अपवाद फक्त असर्ट.एच. ती मुद्दाम दरवेळी नव्याने वाचली जाते, म्हणजे एकाच फाइलीत तपासणी मध्येच बंद-चालू करता येते. यांच्याकडेही एरर संदेशांचा तक्ता एका हेडरमध्ये होता, तो दोनदा ओढून एकदा क्रमांक आणि एकदा मजकूर तयार होतो. स्क्रिप्टने त्याला इमानेइतबारे गार्ड घातलं असतं आणि दुसरा तक्ता रिकामा निघाला असता.

आणि गार्ड खरोखर अख्ख्या फाइलीला वेढतं का, हे ओळी मोजून बघू नका. गार्डचं नाव आधीच नोंदवून फाइल प्रीप्रोसेसरमधून काढा, काहीही बाहेर पडता कामा नये. क्यूएमू प्रकल्पात २०१६ पासून गार्ड साफ करणारी एक पर्ल स्क्रिप्ट आहे, ती वाचा असं सांगितलं. पर्ल वाचायचा कंटाळा येतो, मान्य आहे.

आता त्यांच्या स्क्रिप्टमध्ये दुबार नावांची तपासणी सगळ्यात आधी चालते. 'दुरुस्त कर' काढून टाकायचं की ठेवायचं, यावर अजून त्यांच्यात वाद चालू आहे. माझं मत काढून टाका असं आहे. पस्तीस फाइली आहेत, हाताने बदला.