साधनाचे वर्णन आणि वर्णनाची परीक्षा

यंत्राची माहितीपुस्तिका आजवर माणसासाठी लिहिली जात असे. आता ती यंत्रासाठीही लिहिली जाऊ लागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा, ज्यास ‘एजंट’ म्हणतात, तो संगणकीय सेवक नोंदी शोधतो, पत्रे धाडतो, फाइली बदलतो, ते त्यास जोडून दिलेल्या साधनांमार्फत. साधन आतून कसे चालते हे त्याला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरावे याची यादी. या वर्णनाचा दर्जा कसा ठरवावा, हा प्रश्न नवा वाटला तरी त्याचे मूळ अर्धशतकापूर्वीचे आहे.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली उभारली. तिची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची असून डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून ती सिद्ध झाली. प्रत्येक आज्ञेच्या नोंदीस ठरावीक मथळे होते: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, तसेच ‘दोष’. आपल्या निर्मितीचे वैगुण्य निर्मात्यानेच छापून द्यावे, ही प्रथा विरळाच. मॅकइलरॉय यांनी पुढे सांगितलेली हकीकत अधिक बोधप्रद आहे. नवी आवृत्ती काढायची वेळ आली की ओबडधोबड गोष्टी कागदावर उतरत. त्या छापणे प्रशस्त न वाटून मंडळी मूळ आज्ञाच दुरुस्त करीत. नीट सांगता यावे म्हणून साधन नीट केले जाई.

जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या भाषा-मॉडेलना अशी वर्णने पुरविण्याची सोय केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यामुळे एकाचे साधन दुसऱ्याच्या एजंटला जोडणे सुलभ झाले आणि वर्णन लिहिणारा व वापरणारा एकमेकांस अपरिचित झाले. शासकीय सेवेत आम्ही संदिग्ध परिपत्रके पुष्कळ पाहिली. अनुभवी कारकून पूर्वीची वहिवाट आठवून त्यांतील उणीव भरून काढीत असे. एजंटपाशी ती वहिवाट नसते. तो पुष्कळदा न विचारताच हाती आलेल्या शब्दांवरून अर्थ लावतो आणि कृती करून मोकळा होतो.

मग परीक्षा कशी करावी? पहिली परीक्षा वाचनाची. साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, उत्तर कोणत्या रूपात येईल, हे वर्णनावरून कळले पाहिजे. ‘वापरकर्ता’ एवढाच रकाना असेल, तर तेथे नाव लिहावे की क्रमांक? ‘नोंद काढणे’ असे साधनाचे नाव असेल, तर नोंद शोधून द्यायची की काढून टाकायची? अशा एका क्रियापदापायी एखाद्याची नोंद कायमची जाऊ शकते.

दुसरी परीक्षा प्रयोगाची. एजंट तोच, कामेही तीच ठेवून केवळ वर्णन बदलावे. योग्य साधन किती वेळा निवडले गेले, रकाने किती वेळा बरोबर भरले, जुळणारे साधनच नसताना एजंट थांबला की नाही, हे मोजावे. ज्या कामांवरून वर्णन सुधारले ती वगळून निराळ्या कामांवर ताळा घ्यावा. अन्यथा अपेक्षित प्रश्न पाठ करून उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यासारखी गत व्हायची.

अशा प्रयोगांतून काय हाती लागते, याचे एक उदाहरण अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. आज्ञावलीतील दोष सुधारणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की फाइलचा अपुरा पत्ता देऊन चुकत असे. त्यांनी साधनच असे बदलले की प्रत्येक वेळी संपूर्ण पत्ता द्यावाच लागावा. त्या चुका थांबल्या. बेल प्रयोगशाळेतील हकीकत पुन्हा घडली म्हणायची!

तरी केवळ प्रयोगावर विसंबता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेने दाखवून दिले की वर्णनातच छुपा हुकूम दडवता येतो. साध्या बेरजेच्या साधनाच्या वर्णनात, वापरणाऱ्याच्या खासगी फाइली वाचून गुपचूप पुढे धाडण्याचा आदेश त्यांनी घालून दाखविला. बेरीज बरोबर येत असल्याने असे वर्णन प्रयोगात उत्तीर्ण होईल. म्हणून जाणत्या माणसाचे वाचन टळत नाही.

आमच्या मते वर्णनाची परीक्षा ही अखेर साधनाचीच परीक्षा होय. ज्याचे वर्णन सरळ लिहिता येत नाही, त्याचा दोष लेखणीत शोधण्याआधी साधनात शोधावा. उपर्युक्त संकेतात साधनाचे नाव आणि वर्णन यांना जागा आहे, दोषांसाठी स्वतंत्र रकाना मात्र नाही. १९७१ च्या त्या पुस्तिकेतील ‘दोष’ हा मथळा उचलून वर्णनात घालण्यास कोणाचीही आडकाठी नाही. यंत्राच्या हाती कारभार सोपविताना तेवढा प्रामाणिकपणा तरी आपण राखावा.